बॅनरमागचा डोंगर

क्रांती चौकात एका बॅनरखाली मी मान वर करून उभा होतो आणि फोनवर नायब सुभेदार यादव विचारत होते, "साहब, दिख रहा है?"

दिसत होतं. न दिसायला काय झालं? बॅनर चांगला दुकानाच्या शटरएवढा होता. वर लाल अक्षरांत 'पाचोडचा वाघ सीमेवर!', मध्ये वर्दीतला जवान आणि खाली ओळीनं शुभेच्छुकांचे चेहरे. कुणी गॉगल लावलेला, कुणी कानाला फोन लावलेला. आमच्या शहरात असे बॅनर वाढदिवसाचे लागतात, निवडीचे लागतात, दहावी पास झाल्याचेसुद्धा लागतात. त्या आठवड्यात सीमेवर धुमश्चक्री सुरू होती, म्हणून हा जवानाचा होता.

"अच्छा बनाया है," यादव म्हणाले. "बस, पीछे का नज़ारा कुछ ज़्यादा ही साफ़ आया है."

"लड़का अपना है?"

"अपना ही है. उसको समझा दिया है. और क्या बोलूँ, साहब."

"लड़कों को वहाँ से कब तक..."

"साहब, फोन पे?"

मी जीभ चावली. फोनवर काय बोलू नये, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. यादवांनाही मीच शिकवलं होतं.

मी सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. सिग्नल्स म्हणजे सैन्याचं बोलणं इकडून तिकडं पोहोचवणारं खातं. आता शेंद्र्याच्या एका कारखान्यात सिक्युरिटी बघतो, पण जुनी युनिट काही सुटत नाही. बॅनरचं रील फिरत फिरत मागच्या तळावरच्या यादवांपर्यंत पोहोचलं होतं. त्यांनी उघड्या फोनवर जेवढं सांगता येतं तेवढं सांगितलं. बाकीचं माझं मी समजून घेतलं.

ते असं. डोंगराळ भागात रेडिओचं बोलणं डोंगर ओलांडत नाही. म्हणून मधल्या एखाद्या उंच जागेवर चार-सहा माणसं आणि एक अँटेना ठेवतात. अलीकडचं ऐकायचं आणि पलीकडं पाठवायचं. याला रिले म्हणतात. रिले गेला की पुढच्या सगळ्या पोस्ट मुक्या होतात. जखमीला खाली न्या, एवढं सांगायचीही सोय राहत नाही. म्हणून शत्रू आधी रिले शोधतो. पूर्वी त्यासाठी त्याला माणूस पाठवावा लागायचा, नाहीतर विमान. आता कुणीतरी खोलीत बसून आपल्याच लोकांनी टाकलेले फोटो चाळतो, मागच्या डोंगराची कड नकाशाशी जुळवतो आणि ड्रोनवाल्याला जागा सांगतो. एवढं सोपं झालंय ते.

आणि इथं जवानाच्या मागं डोंगर होता. दोन सुळके, मधे खाच. खाचेच्या कडेला अँटेनाचा खांब आणि त्याच्याखाली जाळीनं झाकलेला बंकर. कहर म्हणजे जवानाच्या नावाखाली सेक्टरचं नावसुद्धा छापलेलं.

अधिकृत मार्ग होता आणि यादवांनी तो धरलाही असणार. पण त्याला वेळ लागतो. शिवाय पोलिसांनी किंवा छावणीतल्या जवानांनी भर चौकात सैनिकाचा बॅनर उतरवला असता, तर बघ्यांचे मोबाइल वर झाले असते. 'बॅनर का उतरवला?' अशी बातमी झाली असती आणि मग तो डोंगर सगळ्यांनी निरखून बघितला असता. आमच्या खात्यातली ही नेहमीची पंचाईत आहे. फोटो लपवायला धावलात की तो खरा आहे, हे तुम्हीच सांगून मोकळे होता.

शुभेच्छुकांत सगळ्यात मोठा चेहरा गणेश नावाच्या तरुणाचा होता. खाली 'भावी ग्रामपंचायत सदस्य' आणि मोबाइल नंबर. मी फोन लावला.

"गणेश, मी सुभेदार जाधव बोलतोय. क्रांती चौकातला बॅनर उतरवून टाक."

"कामून?"

"मी सांगतोय म्हणून."

"तुमी कोण सांगनार? नितीन माझा जिगरी दोस्त हाय. असाच बॅनर पाचोडच्या चौकात बी लावलाय. आज संध्याकाळी त्याच्यापुढं चॅनलवाले लाईव्ह करायलेत, नितीनचे वडील बोलनारेत. तुमी बी या. सगळ्यायसमोर सांगा, सैनिकाचा बॅनर उतरवा म्हनून!"

फोन बंद. पलटणीत हुकूम सोडायची सवय, ती गावात चालत नाही, हे मला कळायला हवं होतं. पण आता बॅनरपेक्षा मोठा घोर लागला. युनिटनं मोबाइल जमा करून घेण्याआधी ज्या पोरानं मित्रांच्या ग्रुपवर असला फोटो टाकला, त्यानं बापाला जागेचं नाव सांगितलं नसेल कशावरून? आणि बाप ते कॅमेऱ्यासमोर बोलला तर? मी कारखान्यात रजा कळवली आणि मोटरसायकल बीड रोडला घातली.

पाचोडच्या थोडं पुढं, मोसंबीच्या बागेत नितीनचं घर होतं. मी गाडी लावली आणि अंगणात शिरलो. बारीक कापलेले केस, पॉलिश केलेले बूट, ताठ चाल. निवृत्त झालो तरी ही जात नाही. नितीनची आई दारात उभी राहून शेंगदाणे पाखडत होती. तिनं मला पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप सुटलं. दाणे अंगणभर झाले.

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. लक्षात आलं तेव्हा स्वतःची भयंकर चीड आली. त्या दिवसांत अशा घरी असा माणूस एकच बातमी घेऊन येतो.

"वहिनी, वाईट बातमी नाही!" मी तिथूनच ओरडलो. "वाईट बातमी नाही!"

ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडायला लागली. आवाज ऐकून नितीनचे वडील भागवतराव बागेतून धावत आले. मी कोण, काय, ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाईट नाय म्हनता, मंग चांगली हाय का?"

चांगली होती. 'लड़के को समझा दिया है,' असं यादव म्हणाले होते, म्हणजे पोरगं जिवंत होतं आणि शिव्या खाण्याइतकं धड होतं. एका वाक्यात त्या आईचा जीव भांड्यात पडला असता. पण ते वाक्य बोललो असतो, तर संध्याकाळी लाईव्हवर गेलं असतं की युनिटचा निरोप आला, बॅनर खटकला. मी ते गिळलं. त्या माउलीकडं बघवत नव्हतं.

"भागवतराव, तिथं सगळ्यांचे फोन जमा केलेत," मी म्हणालो. "बोललं की जागा कळते, म्हणून. कधीकधी तर रेडिओसुद्धा बंद ठेवतात. फोन येत नाही याचा अर्थ काही झालंय असा नसतो. काही झालं असतं तर मी असा एकटा मोटरसायकलवर आलो नसतो. गाडी आली असती, साहेब लोक आले असते."

"खरं बोलता?"

"खरं बोलतो. संध्याकाळी तुम्ही काय बोलणार आहात?"

"हात जोडनार हाय सरकारला. एकडाव पोराचा आवाज ऐकवा म्हनून. ही जेवंना झालीय," त्यांनी बायकोकडं बोट केलं. "आन् तो कुठं हाय ते बी मला ठाऊक हाय. त्या..."

"नका सांगू!" मी जवळजवळ झडपच घातली. "मला नका सांगू आणि कुणालाच नका सांगू."

"कामून?"

"ते मला सांगता येत नाही."

आता हाकलून देतात, असं मला वाटलं. तेवढ्यात गणेश दोन मित्रांना घेऊन येऊन धडकला. मी आल्याची खबर त्याला लागलीच होती.

"काका, ह्येच ते! बॅनर उतरवा म्हननारे!"

आता पुन्हा हुकूम सोडण्यात अर्थ नव्हता. मी त्याला खाटेवर बसवलं आणि सहज म्हणालो, "अरे, उतरव म्हणालो ते वेगळ्या कारणानं. चेहरे फार बारीक आलेत तुमचे. चौकातून जाता-येता ओळखू येत नाही कुणी. मला तरी नंबर वाचून कळलं तू कोण ते."

"म्या कवाचा सांगायलोय ह्याला," त्याचा एक मित्र उसळला. "माझं तर अर्धं तोंड रायफलीच्या दांड्यामागं गेलंय."

गणेशनं मोबाइल काढला, बॅनरचा फोटो मोठा करून बघितला. त्याचा चेहरा पडला. "ह्या डोंगरानं सगळी जागा खाल्ली राव."

"खाल्लीच की," मी म्हणालो. "आणि डोंगर काही तुला मत द्यायला येणार नाही."

बॅनरच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचाही नंबर होता. सलीमभाई. मी तिथूनच फोन लावला.

"सलीमभाई, पीछे का पहाड़ निकाल दो. सादा रंग डालो, नाम के नीचे की लाइन भी निकालो. नीचे के चेहरे दुगने करो."

"हौ साहब, कर देतूं. मगर लड़के का दूसरा फोटू भेजो. इसकू काटने में लई टैम जाता."

घरात नितीनचा दुसरा मोठा फोटो एकच होता, लग्नातला. फेटा, मुंडावळ्या, गळ्यात हार. तोच पाठवला. सीमेवरचा वाघ मुंडावळ्या बांधून उभा राहणार होता, पण हसायला कुणाला सवड होती?

"और चौकवाला पुराना उतारना नक्को," मी सांगितलं. "उसी के ऊपर नया ठोक दो."

"ऊपरइच? चलता."

क्रांती चौकात एका बॅनरवर दुसरा चढला, तर कुणी मान वर करत नाही. तिकडचं मिटलं, असं सलीमभाईचा फोन आल्यावर कळलं. पाचोडसाठीचा बॅनर त्यांनी गुंडाळी करून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये टाकला. जीप निघाली आणि इकडं चॅनलवाला ठरल्यापेक्षा लवकर उगवला.

जुना बॅनर अजून चौकात होता. डोंगर, खांब, सेक्टरचं नाव, सगळं शाबूत. चॅनलवाल्यानं त्याच्यासमोरच मोबाइलचा स्टँड उभा केला. मी काही बोललो असतो तर तीच बातमी झाली असती. शेवटी गणेशच पुढं झाला.

"थांबा हो सर. नवीन बॅनर यायलाय. चेहरे नीट येऊ द्या."

"मला पैठणला जायचंय," चॅनलवाला म्हणाला. "उजेड चाललाय."

"तुमी जायचं असंल तर जा. आमी दुसरा चॅनल बघू."

एखाद्या पुढारी व्हायला निघालेल्या पोराचा मला इतका आधार वाटेल, असं कधी स्वप्नातही आलं नव्हतं. जीप आली. पोरांनी जुना बॅनर खेचून काढला, गुंडाळला, आणि तो मी 'पावसाळ्यात झाकायला होईल' म्हणून मागून घेतला. ग्रुपवरचा जुना फोटो आणि रीलसुद्धा गणेशनं माझ्यासमोर काढून टाकले. नव्यात त्याचा चेहरा जवानाएवढा आला होता. जुन्याचं त्याला आता काय कौतुक?

लाईव्ह सुरू झालं. भागवतराव बॅनरपुढं उभे राहिले, मी मोबाइलच्या मागं. अजून एक गोष्ट माझ्या हातात नव्हती आणि ती म्हणजे या माणसाचं तोंड.

"काका, नितीन नेमका कुठल्या सेक्टरला आहे? आपल्या प्रेक्षकांना सांगा."

भागवतरावांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "सीमेवर हाय."

"हो, पण नेमकं कुठं? तुम्हाला सांगून गेला असेल ना?"

"सीमा लई लांब हाय, साहेब. मला काय कळतंय त्यातलं? मोसंबीचा भाव इचारा, सांगतो."

जमलेले लोक हसले. चॅनलवाला हिरमुसला. "फोन येतो का त्याचा? सरकारला काही मागणी?"

आवाज ऐकवा म्हणून हात जोडायलाच हा माणूस इथं यायला तयार झाला होता. त्यांनी हात जोडले नाहीत. हात पाठीमागं घट्ट धरून ते उभे होते.

"त्याचं काम हाय, करू द्या त्याला. आमी निवांत हावोत," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

कारण न विचारता त्यांनी माझं ऐकलं होतं. पलटणीत आम्ही याला शिस्त म्हणायचो आणि ती अंगी बाणवायला वर्षं घालवायचो. मी जुना बॅनर मोटरसायकलला बांधला आणि निघालो.

धुमश्चक्री थांबल्यावर बऱ्याच दिवसांनी नितीन रजेवर आला. मला पाचोडला जेवायला बोलावणं आलं. पोरगं आधी बॅनरवरून कुरकुरलं. "साहेब, मी ड्युटीवर गेलो होतो का वरातीत?" आई हसली. मग ती आत गेल्यावर त्याचा आवाज बदलला.

"साहेब, आमची पोस्ट हलवली होती. पर्यायी रिले लागल्यावर लगेच. आणि मग जुन्या जागेवर शत्रूचा गोळा पडला. खांब राहिला नाही, बंकर राहिला नाही." तो थांबला. "माझ्या फोटोमुळं का हो?"

मला खोटं बोलता आलं असतं. "माहीत नाही," मी म्हणालो. "रेडिओमुळं असेल, ड्रोननं आधीच बघितलं असेल, फोटोमुळंही असेल. ते कुणालाच कधी कळणार नाही, नितीन."

त्यानं मान खाली घातली. भागवतराव शेजारीच बसले होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता तरी ते पोराला दोन शब्द सुनावतील. त्यांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ताट येईपर्यंत तो तिथून काढला नाही.

तेव्हापासून मला कुणी विचारलं, की आमचं पोरगं सीमेवर आहे, बॅनर लावावा का, तर मी सांगतो, जरूर लावा. चांगला मोठा लावा. फोटो मात्र लग्नातला वापरा.