सुट्टी मंजूर

माझं अक्षर मोत्यासारखं होतं. तेवढ्याच भांडवलावर मला अकोटच्या एका जीनमध्ये बाबूची नोकरी लागली. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. वऱ्हाडात हे कोणाला सांगावं लागत नाही, पण पुण्याकडचा वाचक पहिल्याच ओळीत अडायला नको. नोकरी हंगामी होती. दिवाळीनंतर गाड्या यायला लागल्या की मला बोलावणं येई, आणि उन्हाळ्यात यंत्रं थंडावली की मी अमरावतीला बायको-मुलींकडे परत. पुढच्या हंगामाचं बोलावणं येईलच, असं कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

हजेरी मांडायची, दारापाशी टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे आणि हंगामाच्या सुरुवातीला कायद्याची पाटी रंगवायची, ही माझी कामं. पाटीवर असे, 'कोणाही कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेतले जाणार नाही. त्यापूर्वी निदान अर्धा तास विश्रांती दिली जाईल.' ही पाटी मनेजरच्या खोलीबाहेर इतकी उंच लावत की वाचायला मान मोडावी. तशी ती वाचणार तरी कोण? ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचा प्रश्नच नव्हता, आणि ज्यांना येत होतं त्यांना विश्रांतीचा नियम वाचण्याइतकी विश्रांती मिळत नव्हती.

'विश्रांती' हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. सगळे म्हणत सुट्टी. बाराची सुट्टी. मी बारा वाजता रुळावर टोले द्यायचो आणि साडेबाराला परत द्यायचे असत. पण माल चढलेला असला की मनेजर खिडकीतून बोट हलवायचा, आणि माझे टोले सव्वाबारालाच पडत. घड्याळ माझ्या टेबलावर असलं तरी काटा त्याच्या बोटावर होता. मी एकदाही 'अजून पंधरा मिनिटं आहेत' म्हटलं नाही. पहिल्या हंगामात लाज वाटली, दुसऱ्यात सवय झाली.

रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकायला बाया असत. त्यांतली एक चोवीस-पंचवीस वर्षांची. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतून यायची, हात चलाख, तोंड त्याहून चलाख. त्या हंगामात तिच्या अंगावर चार महिन्यांचं लेकरू होतं. तिची सासू बारा वाजता ते घेऊन कुंपणाबाहेरच्या लिंबाखाली येऊन बसे. सुट्टीत ही एका हातानं भाकर खाई आणि दुसऱ्या हातानं लेकरू धरी. माझा टोला पडला की लेकराला अंगावरून ओढून सासूकडे द्यायचं आणि पळायचं. त्याचं रडणं यंत्रांच्या आवाजात आत ऐकू येत नसे, पण तिला कळायचं. दुपारी तीनच्या सुमारास तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला होई आणि उडणारी रुई नेमकी तिथंच येऊन चिकटे. मी हजेरी घेत फिरताना खाली बघून पुढं जायचो. दोन मुलींचा बाप होतो, ते काय आहे हे मला कळत होतं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन हंगाम झाले होते. तिच्या लेकराच्या त्याच हंगामात सरकारचा एक कागद आला. पाटीवर चढवायचा म्हणून मनेजरनं तो माझ्याकडे टाकला. त्यात होतं की अंगावर पिणाऱ्या लेकराच्या आईला, मधली विश्रांती सोडून आणखी दोनदा, दिवसातून पाजायला वेळ द्यावा. लेकरू सव्वा वर्षाचं होईपर्यंत. आणि त्या वेळेची मजुरी कापू नये. मी ते दोनदा वाचलं. पाटीवर उतरवलं. कागद लिहिणारा कोणी तरी अकोटला येऊन त्या लिंबाखाली बसून गेला असावा, असं मला वाटलं.

इथवर सगळं ठीक होतं. पुढं मी शहाणपणा केला. एके सकाळी ती हजेरीला आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची थट्टाच करतोय.

"खरं बोलून राहिले का बाबू? मजुरी नाई कापत?"

"कायदाच आहे. मी स्वतः लिहिलाय."

"तुमी लिवला म्हंजे का झालं? तुमी तं सव्वाबाराले साडेबाराही लिवता."

मला झोंबलं, कारण खरं होतं. त्या भरात मी म्हणालो, चल, अर्ज करू, मनेजरला देतो. कागद पुढं ओढला आणि लिहायला लागलो, 'मला विश्रांती मिळावी...' लिहिलेलं वाचून दाखवलं, तर तिनं कागदावर हातच ठेवला.

"हे इश्रांती नोका लिवू. मी का थकली हावो? थकलेल्या बाईले कोन ठेवते रेच्यावर? उद्याच काढून टाकतीन. साधं सुट्टी लिवा."

मला ते पटलं. तिच्या बोलण्यात शहाणपण होतं. मी नवा कागद घेतला आणि अर्ज तिचा म्हणून शब्दही तिचाच ठेवला, 'लेकरू अंगावर पिते. सबब मला सुट्टी मिळावी, ही विनंती.' खाली तिचा अंगठा घेतला. पाजायला, दोनदा, कायद्याप्रमाणे, यातलं काही लिहायचं राहून गेलं. पाटीवर सगळं होतंच की.

तासाभरानं अर्ज परत आला. मनेजरनं एक शब्दही विचारला नव्हता. माझ्याच अक्षराखाली लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मंजूर'.

मी स्वतः रेच्यापाशी जाऊन तिला ओरडून सांगितलं, "मंजूर झाली!" ती हसली. डोक्यावरची रुई झटकली आणि शेजारणीला म्हणाली, "पायजो व माह्या रेच्याकडे, मी आलीच." अर्जावर अंगठा दिल्याबरोबर तिनं निरोप धाडून सासूला बोलावून ठेवलं होतं. खिडकीतून मला दिसत होतं, ती लिंबाच्या बुंध्याला टेकून आरामात बसली होती. लेकरू पिऊन तिच्या मांडीवर झोपलं. आयुष्यात एक तरी बरं काम हातून झालं, असं मला वाटलं, हे कबूल करतो.

ती परत आली तेव्हा चौकीदारानं फाटक उघडलं नाही. तिच्या रेच्यावर दुसरी बाई उभी होती.

आमच्याकडे एखाद्याची सुट्टी झाली म्हणजे त्याला कामावरून काढला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण लिहिताना माझ्या मनात बाराची सुट्टी होती आणि मनेजरला मात्र दुसरी सापडली. मी धावत त्याच्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "बाईनं लेकरापायी सुट्टी मागितली, मी दिली. घरी बसून पाज म्हणावं. अक्षर तुमचंच ना?"

"हो, पण..."

"मग पण कशाला? तुम्हालाही पाहिजे का सुट्टी?"

फाटकाबाहेर ती अजून उभीच होती. रागावली नव्हती. काही तरी चुकलंय आणि बाबू ते आता नीट करतील, असंच तिला वाटत होतं. "बाबू, सुट्टी भेटली ना? झाली माही सुट्टी, लेकरू पेलं. आता आत घ्या." मी फाटकाच्या गजांतून काय काय सांगितलं ते आठवत नाही. सासू मात्र ताडकन उठली आणि म्हणाली, "चाल व. लिवता येनाऱ्याच्या नादी लागली तूच."

त्याच महिन्यात तपासणीचे साहेब अकोल्याहून आले. पाटी बघून म्हणाले, अक्षर सुरेख आहे. मग विचारलं, पाजणाऱ्या बाया किती? मनेजरनं तो अर्ज पुढं केला आणि म्हणाला, एक होती, तिनं स्वतःहून काम सोडलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लिहिला?" मी हो म्हणालो. मी आणखी काही सांगेन म्हणून ते थांबले होते.  अमरावतीला धाकटीला शाळेत घालायचं होतं. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. साहेबांनी अर्ज मिटून परत दिला. आणखी दोघींच्या अंगावर पिणारी लेकरं होती, त्यांनी तर तोंडच उघडलं नाही.

पुढच्या हंगामाचं बोलावणं मला आलं. पहिल्याच आठवड्यात ती फाटकाशी आली. कडेवरचं लेकरू तिनं खाली सोडलं, ते फाटकाचा गज धरून उभं राहिलं.

"आता भाकर खाते हे," ती म्हणाली. "मनेजर म्हन्ते, लिवून दे, मंग घेतो कामावर. लिवता का बाबू?"

"काय लिहू?"

"लिवा, मले सुट्टी नोको. कोन्तीच नोको. बाराचीबी."

मी म्हणालो, बाराची तुझ्या हक्काची आहे, ती सोडून देता येत नाही, कायदा आहे. तिनं गजांतून अंगठाच पुढं केला. 

मी लिहिलं. तिनं आधी वाचून दाखवायला लावलं, एकेक शब्द, दोनदा. मग अंगठा शाईत बुडवून टेकवला आणि विचारलं, "अवंदा बरोबर लिवलं ना बाबू?"

मी हो म्हणालो.