एप्रिलचे तास

ईट गावच्या शाळेत मी तासिकेवर गणित शिकवायचे. तासिकेवर म्हणजे नेमून दिलेले तास घ्यायचे आणि एसटी पकडायची. परिपाठाला उभं राहणं नाही, हजेरीपट हातात नाही, मार्च संपला की करार संपला. तरी सातवीचा वर्ग मी मनातल्या मनात आपलाच धरला होता.

त्या वर्गातल्या एका मुलीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर तीही त्यांच्यासोबत निघाली. अपूर्णांकांची बेरीज नुकतीच सुरू झाली होती. पुस्तकाचं पान दुमडत ती म्हणाली, "मॅडम, आमी एप्रिलात येताव. हितनंच शिकवताल न्हवं?"

"व्हय," मी बेधडक म्हणाले. करार आठवला तो ती गेल्यावर.

मग मी मुख्याध्यापकांच्या मागेच लागले. "सर, उजळणीचे थोडे तास आता घेत नाही. ते एप्रिलमध्ये द्या. पोरं परत येणार आणि तेव्हाच गणिताचं माणूस नसणार, हा कुठला न्याय?"

"तास म्हंजे काय लोणचं हाय का मॅडम, बरणीत भरून ठिवायला?" ते हसले. मला भयंकर राग आला. पण त्यांनी वरच्या कचेरीत दोनदा विचारून पाहिलं, हेही खरं. करारात तशी सोयच नव्हती. माणूस चांगला, कागद आडमुठा. मार्चअखेर मी खडूची डबी परत केली.

एप्रिलात एकदा भूमच्या बाजाराला निघाले होते. एसटी ईटला थांबली आणि खिडकीतून ती दिसली, उन्हानं रापलेली, दप्तर घेऊन शाळेतून घरी चाललेली. बाजार गेला खड्ड्यात, मी उतरले. पुढची गाडी यायला अवकाश होता. स्टँडच्या बाकड्यावर तिनं पुस्तक काढलं. दुमडलेलं पान तसंच होतं.

छेद समान कसे करायचे ते सांगताना माझाच आवाज मला नवा वाटला. हा वर्ग आपला असावा, रोज, वर्षभर, असं इतकं कधीच वाटलं नव्हतं. मी लगेच दुसरं गणित घातलं.

तिसऱ्या गणिताला गाडी आली.

"आता कवा, मॅडम?"

या खेपेला करार आधीच आठवला आणि मी नुसती पिशवी उचलली. तिनं पान पुन्हा दुमडलं, त्याच जुन्या घडीवर.