खरखर काढलेला उखाणा

आमच्या आत्याच्या यजमानांइतका कानानं जगलेला माणूस लासुर्ण्यात झाला नाही, आणि कानापायी त्यांच्याइतका भांडलेलाही झाला नाही. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कॅसेटचा आवाज खरा आणि मोबाईलचा खोटा, हे त्यांचं मत नव्हे, धर्म. "कॅशेटीत रस हाय, मोबाईल म्हंजी चिपाड," असं ते एसटीत, उसाच्या फडात, अगदी सावडायला गेले तरी सांगत. टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं असं पुसत, की तान्ह्या बाळाचे कान कुणी तसे पुसले नसतील. इंदापूरला एका लग्नात मंगलाष्टका मोबाईलवर लावल्या, तर मामांनी अक्षता टाकल्याच नाहीत. खिशात घालून घरी आणल्या नि कोंबड्यांना घातल्या. त्या जोडप्याला पोर झालं तरी मामा म्हणायचे, "त्येंचं लगीन अजून लागायचंय."

हा सगळा तंटा एका कॅसेटपायी होता, हे आत्या गेल्यावर कळलं. आत्यानं जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही, "अवं" वरच संसार केला. एका बारशात मात्र बायांनी अडवलं, आणि मामांनी दाराआड टेप चालू ठेवला होता. "नीरेच्या पाटाला पाणी, उसाला आला तुरा, ...रावांचं नाव घेते, गलका थांबवा जरा." नाव तिनं लाजून पुटपुटलं, त्यावर बायांचा हशा, मागं पाळण्याची कुरकुर. मामा रोज संध्याकाळी ते ऐकायचे.

गेल्या दिवाळीत पुण्याहून त्यांचा मुलगा आला. सगळ्या कॅसेट बारामतीच्या दुकानात नेऊन, खरखर साफ करून त्यानं मोबाईलमध्ये भरून आणल्या. "ऐका आप्पा, कसा क्लिअर आवाज आहे!" मामांनी ऐकलं. पाणी, तुरा, सगळं लख्ख. हशा नाही, पाळणा नाही. आणि हशाबरोबर यंत्रानं ते पुटपुटलेलं नावही खरखर समजून काढून टाकलं होतं.

"आन् कॅशेट?"

"भंगारात दिल्या. उगाच अडगळ."

मला इतका संताप आला, की मी फराळाचं ताट सरकवून उठलो. बापावर माया होती, कबूल; पण त्याला विचारायला काय जीभ झडली होती? मामांचं ते न भांडणं मात्र मला अजून सहन होत नाही.

आता ते मोबाईल कानाशी धरून ओसरीवर बसतात. उसाला तुरा येतो आणि आवाज तुटतो. त्या रिकाम्या जागी मामाच हळूच म्हणतात, "दिनकररावांचं." मग आत्या पुढचं म्हणते.