आगाऊ आभार

शिंप्याची थोरली मुलगी राजनय शिकायला गेली ती मोठ्या सभेत ठणकावून बोलायला मिळेल म्हणून. शाळेपासून वादविवादात तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. प्रबंधाचा विषयही तिने ठरवून टाकला होता: परिषदांमधली गाजलेली भाषणं. दुसऱ्या वर्षी तिला सहा महिने परराष्ट्र खात्याच्या कचेरीत कामाला पाठवलं, आणि तिथे एका खलाशाची फाइल तिच्या गळ्यात पडली.

जहाजाचा मालक परागंदा झाला होता. परक्या बंदरातल्या अधिकाऱ्यांनी खलाशाचा पासपोर्ट ठेवून घेतला होता. त्याची बहीण दर मंगळवारी येऊन बाकावर बसायची. "ताई, काही कळलं का?" एवढंच विचारायची.

तिसऱ्या मंगळवारी हिचं डोकं सणकलं. तिने खरमरीत पत्र लिहिलं. वरिष्ठ बाईंनी त्यातला 'निषेध' खोडला, 'बेकायदा' खोडलं आणि शेवटी घातलं, 'आपल्या सहकार्याबद्दल आगाऊ आभार.'

"आभार कशाचे, मॅडम? चूक त्यांची आहे."

"आहेच. पण ती कबूल करायला लावलीस, तर तो तिथेच म्हातारा होईल."

"मग आम्हाला शिकवलं ते काय?"

"तेही लागतं. परीक्षेला."

ती दिवसभर धुमसत राहिली. पत्राला उत्तर आलं: अर्जाचा नमुना जुना आहे. नवा भरला, तर शिक्का चुकीच्या पानावर. तिकडचा कारकून फोनवर इतकं गोड बोलायचा की रिसीव्हर आपटावासा वाटे. तरी ती त्याच्या मुलीच्या तापाची चौकशी करू लागली, आणि तिला स्वतःचीच चीड आली. शेवटी त्यानेच हळूच सांगितलं, बुधवारी साहेब रजेवर आहेत, त्यांच्या जागी येणाऱ्या बाई सही करतात. कागद बुधवारी पोचला.

खलाशी अकरा आठवड्यांनी घरी आला. बहीण सांगायला आली, पण हसली नाही.

"एका सहीचं काम होतं ना, ताई? मग एवढे दिवस का लागले?"

"उशीर झाला," एवढंच ही म्हणाली.

कॉलेजात परतल्यावर तिने प्रबंधाचा विषय बदलला: बंदरातल्या कारकुनाशी झालेले फोन. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हा काय विषय झाला?"

तोंडावर आलेलं भाषण तिने गिळलं. "कोणता शब्द खटकतोय, सर?"

"कारकून."

तिने दातओठ खात तो खोडला आणि वर लिहिलं, 'कनिष्ठ अधिकारी'.