अपग्रेडनंतर लॅपटॉपचा आवाज गेला कुठे?

लिनक्सवाल्यांनो, जरा मदत करा.

सकाळी लॅपटॉपवर लिनक्सचं नवीन व्हर्जन टाकलं आणि आवाज गुल! ड्रायव्हर परत टाकला, रीस्टार्ट केलं, व्हॉल्यूम फुल्ल केला. तपासायला हाताशी होतं ते एकच रेकॉर्डिंग परत परत लावत होते, बंगळूरच्या इंटरव्ह्यूसाठी केलेली माझी तयारी. त्यात मी ठणकावून म्हणते, "मी कधीही शिफ्ट होऊ शकते. घरी माझ्यावर कुणाची जबाबदारी नाही."

स्पीकर गप्पच.

तेवढ्यात बाबा कानाला हात लावून गॅलरीतून आत आले. त्यांचं कानाचं मशीन मी मागे ब्लूटूथने याच लॅपटॉपला जोडून पाहिलं होतं, पण तेव्हा ते काही केल्या चाललं नव्हतं. अपग्रेडनंतर ते आपोआप जोडलं गेलं आणि सगळा आवाज थेट त्यांच्या कानात!

या घरात आम्ही दोघंच राहतो. बंगळूरचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"छान बोललीस गं," बाबा म्हणाले. "फक्त आवाज थोडा कमी कर."

मी ब्लूटूथ बंद केलं, लॅपटॉप लगेच वाजायला लागला. बाबा परत गॅलरीत जाऊन बसलेत, मशीन काढून टेबलावर ठेवलंय.

आता त्यांच्याशी बोलायला सुरुवात कुठून करू?