एकाच छिद्रातले पाच छर्रे

उद्यमनगरातला तो फिटर स्प्रिंगच्या एअर रायफली दाबाच्या हवेवर चालतील अशा करून द्यायचा. तोंडानं फटकळ, पण कामाला सबुरीचा. बंदूक गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो ती व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळायचा, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही, आणि दहा मीटरवरच्या कागदावर पाच छर्रे मारायचा. छर्रे पांगले तर दुसरा डबा फोडून पुन्हा पाच. कागद चांगला येवो की वाईट, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचाच. "लपवायचं काय त्यात?" म्हणायचा.

माझी मुलगी नेमबाजीच्या जिल्हा निवडीत मागं पडली, तेव्हा मी तिला आणि त्यानंच करून दिलेली तिची बंदूक घेऊन तडक त्याच्याकडं गेलो. दोष बंदुकीचाच, असं वाटेत तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो.

त्यानं आधी तिच्याकडं बघितलं.

"ऱ्हाऊ द्या की पावणं. बंदूक ठिवून जावा, बघतो सवडीनं."

"आत्ताच मारा," मी म्हणालो. "तिच्यासमोर."

त्यानं पाच छर्रे मारले. पाचांचं मिळून कागदावर छिद्र एकच पडलं, शर्टाच्या बटणाएवढंही नाही.

तो कागद त्यानं खिळ्याला लावला नाही. घडी घालून खिशात टाकला आणि मुलीला म्हणाला, "वॉशर ढिला हाय बघ. माझीच चूक झाली, पोरी."

मला तेवढंच ऐकायचं होतं. मी त्याला वर चार शब्द सुनावलेही.

मुलगी मात्र त्याच्या खिशाकडं बघत होती. त्यानंतर तिनं बंदुकीला हात लावला नाही.