त्या दोघींची च ची भाषा

शेजारी मिरच्या कुटून राह्यलेत. त्याचा झणझणीत खाट नाकात गेला, ठसका लागला अन् हसनाबादचं आमचं अंगण आठवलं. एका उखळीत दोन मुसळं चालली होती, एक बायकोचं, एक तिच्या माहेरच्या मैत्रिणीचं. दोघी आपसात च ची भाषा बोलायच्या. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी न्यायचं अन् पुढं च लावायचा, म्हणजे हळदीचं चळदह. त्या भाषेत बायको जशी हसायची, तशी माझ्यासंगं कधी हसली न्हाई. म्हणून मी औत हाकताना बैलांशी बोलून बोलून ती शिकल्तो. त्या दिवशी मधीच म्हणलो, "चळदह चकाटा," म्हणजे हळद टाका. मुसळं थांबली. "दाजी, हुशार झालात की," मैत्रीण म्हणली. मला वाटलं, आता मलाबी बोलण्यात घेतील. दुसऱ्या दिवशी उरलेल्या मिरच्या कुटायला बसल्या, तर च गायब. शब्दाच्या मधी भलतंच अक्षर घुसडलेलं. "आता हे कोणतं काढलं?" मी विचारलं. बायको म्हणली, "तुमच्या बैलांना विचारा." दोघी पोट धरून हसल्या. आता बायको जाऊन वर्ष झालं. ती मैत्रीण अजून येती, भिंतीला टेकून रडती, अन् मला तिला चहा विचारू वाटत न्हाई. माझ्या बायकोचं अर्धं बोलणं तिच्यापाशी हाये.